मिठाच्या शेजारची बरणी

परळ, मुंबई

प्रिय मंगे,

रागावली असशील. असू दे. गणपतीत "नंतर निवांत बोलते" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. माझा गुडघा तसाच आहे, ह्यांचं बीपी गोळीवर आहे, तब्येतीचं पुराण संपलं.

पत्र लिहितेय कारण फोनवर हे बोलता येत नाही. आई समोरच बसलेली असते, आणि बाकी काहीही झालं असलं तरी तिचे कान शाबूत आहेत.

रविवारी बांगडे आणले होते, म्हणून आईने सोलकढी करायला घेतली. तू पाठवलेली कोकमं भिजवली, नारळाचं दूध काढलं, लसूण-मिरची ठेचून घातली. मस्त गुलाबी रंग आला होता. शेवटी तिने फळीवरून मिठाची बरणी काढली, चमचाभर मीठ घातलं आणि पातेलं एकदम फसफसलं. कडेने फेस, आणि बघता बघता गुलाबीचा राखाडी झाला, काठाला जरासा निळसर. आई पळी हातात धरून बघत राहिली आणि मग अगदी ठामपणे म्हणाली, "मंगलची कोकमं खराब निघाली."

तर तुझ्या कोकमांवर आळ आला होता. ती बिचारी निर्दोष आहेत. बरणीत मीठ नव्हतं, धुण्याचा सोडा होता. आंबटात सोडा पडला की फसफसणार, आणि कोकमाचा लाल रंग सोड्याने पालटणार. शाळेत हळदीच्या कागदाला साबणाचं पाणी लावून लाल केला होता, तू माझा कागद ढापला होतास, आठवतंय ना? तोच प्रकार. कोणी चाखली नव्हती, मी पातेलं मोरीत पालथं केलं आणि जेवताना बांगड्यांबरोबर नुसतं लिंबू पिळलं.

आता तू म्हणशील, ऐंशी ओलांडलेली बाई, चुकीची बरणी उचलली, त्यात काय एवढं. मीही दिवसभर स्वतःला हेच सांगितलं. पण मंगे, तो सोडा त्या बरणीत कोणी भरला? आईनेच. आमच्याकडे सोडा कायम मोरीतल्या पत्र्याच्या डब्यात, झाकणाला लाल चिंधी बांधलेली. भाऊच्या फिनेलच्या प्रकरणानंतर चाळीत कायदा कोणी केला होता? ज्यातून खाल्लं-प्यालं त्यात न खाण्याचं काही भरायचं नाही, आणि भरलंच तर ती बाटली पुन्हा स्वयंपाकघरात यायची नाही. तुझ्या आईने भाऊला बडवला आणि माझ्या आईने तुझ्या आईला सुनावलं, "मुलाला काय मारता, सरबताच्या बाटलीत फिनेल तुम्ही भरलंत." दोघी किती दिवस नळावर एकमेकींकडे बघत नव्हत्या! त्याच बाईने जॅमच्या बरणीत सोडा भरून ती मिठाशेजारी ठेवावी, हे मला पचत नाहीये.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तू म्हणशील वंदू उगाच रडगाणं गाते. पूर्वी बरणी बघून आत काय आहे ते कळायचं. हॉर्लिक्सची जाड काचेची बाटली म्हणजे साखर, कॉफीची चौकोनी म्हणजे जिरं, षटकोनी मधाची म्हणजे मेथ्या. आईला चिठ्ठ्या कधी लागल्याच नाहीत, अंधारात हात घालून ती मोहरी काढायची. आता हॉर्लिक्स प्लास्टिकमधून येतं, आणि जॅम काय, लोणचं काय, पीनट बटर काय, सगळ्यांच्या बरण्या त्याच, गोल, सरळसोट. झाकणंसुद्धा बहुतेक एकाच मापाची, त्रेसष्ट मिलिमीटर. म्हणजे लोणच्याचं झाकण जॅमला बसतं आणि सोड्याचं मिठाला. दोन्ही पांढरं, दोन्ही दाणेदार. माझाही हात चुकला असता. चुकला असता ना?

सुरेशला सांगितलं नाही. सांगितलं की तो ठाण्याहून येणार आणि सगळ्या बरण्या भंगारात घाल म्हणणार. त्याचं हे गेली काही वर्षं चालूच आहे, "दहा बाय बाराच्या खोलीत काचेचं दुकान मांडलंय." आणि भंगारवाला तरी घेतोय कुठे? रद्दी घेतो, प्लास्टिक घेतो, काच म्हटलं की "वजनच फार, परवडत नाही ताई" म्हणून पुढे जातो. मला खरी भीती वेगळीच आहे. बरण्या गेल्या तर आई दिवसभर करेल काय?

तू तिला बघायला हवं. सकाळी पेपर झाला की बाई मोरीशी बसतात. बरणी आधी कोमट पाण्यात, सोडा टाकून. ("एकदम उकळतं ओतू नको, आतून फुगते, बाहेरून गार राहते, मग तडा जाणारच," हे मला अजून ऐकवते, साठीला टेकले तरी.) जुने कागद खळीचे, ते पाण्यात आपसूक सुटायचे. आताची ती प्लास्टिकची लेबलं पाण्याला दाद देत नाहीत. मग ती बरणी कोरडी करून गॅलरीच्या उन्हात ठेवते, चांगली तापली की नखाने एक कोपरा उचलते आणि लेबल अख्खं ओढून काढते, न फाडता. अख्खं निघालं की मला दाखवायला आणते. मागे राहिलेला चिकटा पूर्वी रॉकेलने जायचा, आता रॉकेल घरात कुठलं, म्हणून खोबरेल आणि खाण्याचा सोडा एकत्र कालवून लावते, थोडा वेळ ठेवते आणि काथ्याने घासते. झाकणावर छापलेली तारीख नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसते. हे तिला पिंकीने शिकवलं, आणि तेव्हापासून पिंकीची बाटली दर महिन्याला संपते.

यातली एकही पायरी ती चुकत नाही गं. म्हणूनच डोकं चालेनासं झालंय. मे महिन्यात लालबागला डंखावर मसाला कुटून आणला, बेडगी आणि संकेश्वरी किती घ्यायची ते तिनेच सांगितलं. बरण्या दोन उन्हं देऊन खडखडीत केल्या, मसाला दाबून भरला, वर हिंगाचे खडे ठेवले. पावसाळा गेला, एका बरणीला बुरशी नाही. आणि हीच बाई परवा धुतलेल्या बरण्या फळीवरून काढून पुन्हा धुवायला बसली. विचारलं तर म्हणाली, "झाकणांना वास येतोय." येत नव्हता. मी हुंगून बघितलं.

हो, वासाचा विषय निघालाच आहे तर. २०२१ च्या जुलैच्या पुरात तुझं स्वयंपाकघर गेलं आणि मी खोकाभर बरण्या पाठवल्या, त्यावर तुझा पहिला फोन काय, तर "एका झाकणाला कोळंबीच्या लोणच्याचा वास आहे." मंगे, माणूस आधी आभार मानतो. आणि वास काचेला नव्हता. झाकणाच्या आत ते रबरासारखं अस्तर असतं ना, ते तेल-मसाल्याचा वास धरून बसतं, सोडा लाव, ऊन दे, काही फरक पडत नाही. झाकणच बदलावं लागतं. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत सुटी मिळतात. तुला तेव्हाच सांगितलं होतं, पण तू भांडण सोडायला तयार नव्हतीस. आणि कोकमाचं आगळ त्या पत्र्याच्या झाकणांच्या बरणीत भरू नको म्हटलं होतं, मीठ आणि आंबट दोन्ही मिळून झाकण खातं. भरलंस, गंजलं, आणि वर माझ्या बरण्यांना नावं ठेवलीस.

आता मुद्द्याचं विचारते. काकूंचं सुरुवातीला नेमकं कसं होतं? शेवटचं मला माहीत आहे, सुरुवातीचं तू कधी बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. त्यांचंही असंच हाताला सगळं येत होतं आणि कुठलीतरी एकच गोष्ट सुटत होती का? दिनूच्या लग्नात त्यांनी मला दोनदा हळदीकुंकू लावलं तेव्हा आपण हसलो होतो, ते तेव्हाचंच होतं का? आमचे डॉक्टर म्हणतात घाबरू नका, आधी बी-१२ आणि थायरॉइड बघू, त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं. रक्त देऊन आलो. आईने त्या मुलीला विचारलं, एवढ्याशा बाटल्या नंतर धुता की टाकता?

सोडा मी पुन्हा डब्यात घातला, चिंधी बांधून मोरीत ठेवला. ती बरणी टाकली, आईला न सांगता. पिंकी म्हणते सगळ्यांवर नावं चिकटवूया. मी नको म्हटलं. इतक्या वर्षांची लेबलं सोडवणाऱ्या बाईच्या फळीवर मी लेबलं लावू? पण मिठाची बरणी तेवढी बदलली, चिनी मातीची छोटी ठेवली, हाताला वेगळी लागते. आईने ती दोनदा उचलून बघितली, बोलली काही नाही.

तुझ्या सुनेला कितवा लागला? डोहाळजेवणाला येणार म्हणजे येणार, तारीख आधी कळव, मांडवी एक्सप्रेसचं तिकीट मिळत नाही. भाऊजींची निवृत्ती कशी चाललीय, घरात लुडबुड करतात का? छपराचं काम झालं का?

फोन रात्री साडेनऊनंतर कर, तोवर आई झोपलेली असते. सुरेशशी बोललीस तर यातलं काही बोलू नकोस.

तुझी,
वंदू

ता. क. : कोकमं संपली. आई म्हणते, "मंगलला सांग, या खेपेला चांगली बघून पाठव."