गाळ काढा, पण टिटवीची अंडी बघून

संपादक महोदय,

येरळवाडी तलावावर रोहित (फ्लेमिंगो) आल्याचे फोटो हिवाळ्यात आपल्या अंकात बघतो. आनंदच वाटतो. पण रोहित इथं चरायला येतो, पिलं वाढवायला नाही. त्याची मातीची घरटी कच्छच्या रणात. पट्टकादंब हा हंसासारखा पाहुणा तर ऊन तापायच्या आत हिमालय ओलांडून तिबेट-लडाखकडं निघून जातो. पाहुणे गेले की कॅमेरेवालेही जातात आणि तलावावरची बाळंतपणं त्यानंतर सुरू होतात. त्याबद्दल कुणी चकार शब्द लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. विटा-दहिवडी रस्त्यावर मायणीचा तलाव काचेतून बघत नोकरी सरली. आता वेळच वेळ आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी आत सरकतं आणि काठाचा भेगाळलेला गाळ उघडा पडतो. तिथं टिटवी बसते. घरटं म्हणायला नुसती खळगी, भोवती चार खडे आणि शेळीच्या लेंड्या. अंडी बहुधा चार, टोकं आत वळवलेली, रंग असा की पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. भर दुपारी ती पाण्यावर जाऊन पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. लांब पायांचा शेकाट्या पक्षी तिथंच, जरा पाण्याला धरून. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं पाण्यावरच. उठून जाताना ती ओलं शेवाळ अंड्यांवर ओढते, बघणाऱ्याला वाटावं कचरा साचलाय. (टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस दांडगा, असं आमची जुनी माणसं म्हणायची. मोबाइलवर हवामान बघणारी पोरंही अजून बांधावर नजर टाकून घेतात.)

नेमक्या याच दिवसांत गाळ उपसायला जेसीबी उतरतात. गाळाला माझा विरोध नाही. खटाव-माणच्या माळरानात त्याची किंमत मला कुणी सांगायला नको, माझ्याही रानात टाकलाय. फक्त उपसा करायच्या आदल्या दिवशी सकाळी कुणीतरी काठानं एक फेरी मारावी. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की अंडी नाहीतर पिलं जवळ आहेत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तेवढा तुकडा महिनाभर सोडावा. पिलं अंड्यातून निघाल्यावर लगेच चालायला लागतात, मग खुशाल खोदा.

दुसरं, सगळा काठ सरळ उभा कापू नये. एक बाजू उथळ राहू द्यावी. पाणी खोल झालं तर शेकाट्या उभा कुठं राहणार? आणि ज्याच्यासाठी गर्दी जमते तो रोहितही उथळ पाण्यातच चोच उलटी घालून चरतो.

फोटोवाल्यांनाही हात जोडून विनंती. घरट्याजवळ ठाण मांडून बसू नका. तुमच्या भीतीनं टिटवी लांब थांबते आणि अंडी उन्हात भाजतात. मोटारसायकली तर बांधाखाली नेऊच नका.

मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हे तलाव मिळून २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव जाहीर झालं आहे. तेव्हा वनविभागानं मार्चअखेर काठच्या ग्रामपंचायतींना एवढ्या सूचनांचं एक पत्र काढावं. जेसीबीवाले आमच्याच गावातले आहेत, सांगितलं तर ऐकतात.

– एक निवृत्त एसटी चालक, कातरखटाव (ता. खटाव, जि. सातारा)