दिवा मालवला तो तूच

प्रिय बाळ्या,
सप्रेम सलाम.

सात महिने पत्र नाही, तुझा फोन आला तर घाईत ठेवला, सगळं कबूल. तब्येत बरी, साखर आटोक्यात. आज लिहायला बसलो ते एकाच गोष्टीसाठी. ती तुलाच सांगता येईल, कारण आई गेली त्या रात्री वॉर्डात तिच्या उशाशी तू होतास.

गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी तिसऱ्यावर उपदेश माझ्याकडे होता. ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा.’ भर दुपार, पंख्यांची घरघर तेवढी चालू. मी आईची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणालो, ‘तिनं माझं नाव घेतलं आणि डोळे मिटले,’ आणि थांबलो. बायकांच्या बाजूनं हुंदके आले, मग पुरुषही डोळे पुसू लागले.

बाळ्या, आई काय म्हणाली होती? ‘तो दिवा मालवा रे, डोळ्यांवर येतोय.’ मालवलास तूच.

खोटं बोलायचं म्हणून मी उभा राहिलो नव्हतो. पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा दिवाच होता. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, म्हणून पुढं संजीवन सभेत, श्रद्धा जागवायच्या त्या मेळाव्यात, दिवा गाळला. तिसऱ्या खेपेला माझं नाव कुठून आलं, मला कळलंही नाही. पण त्यानंतर किती वेळ थांबायचं, ते मला पक्कं माहीत होतं.

सेमिनरीत पाळक व्हायला शिकत असताना व्हाइटफील्डवरून, त्या अठराव्या शतकातल्या इंग्रज उपदेशकावरून, आपण भांडलो होतो, आठवतं? अमेरिकेत जॉर्जियातल्या अनाथाश्रमासाठी तो फिलाडेल्फियात वर्गणी मागत होता आणि बेंजामिन फ्रँकलिन एक पैसाही द्यायचा नाही असं ठरवून ऐकायला बसला होता. उपदेश रंगला तसा तो आधी तांब्याच्या नाण्यांवर आला, मग चांदीच्या, आणि शेवटी सोन्यासकट अख्खा खिसा ताटात रिकामा केला. तू म्हणालास, ‘असा पाकीटमार नगरच्या स्टँडवरही नाही!’ मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. त्याच फ्रँकलिननं आणखी एक लिहून ठेवलंय. व्हाइटफील्डचा नवा उपदेश आणि पुन्हा पुन्हा केलेला उपदेश त्याला नुसत्या कानानं ओळखू यायचा, इतका एकेक चढउतार घोटलेला असायचा. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता तेच घोटलेपण माझ्या आवाजात ऐकू येतंय.

मी तुझ्यापुढे त्याच काळातला अमेरिकन उपदेशक जोनाथन एडवर्ड्स ठेवायचो. 8 जुलै 1741, एनफिल्ड. हातवारे करणारा माणूस नव्हे, तरी लोक एवढे आक्रोश करू लागले की त्याला मध्येच थांबावं लागलं. तू म्हणायचास, देवाच्या हातातला पापी म्हणजे विस्तवावर धरलेला कोळी, असं चित्र डोळ्यांपुढे टांगल्यावर हातवारे हवेत कशाला? बरोबर होतं तुझं. पण कोळी हा दृष्टांत होता आणि ऐकणाऱ्यांना ते माहीत होतं. आपल्या नगरच्या ख्रिस्ती कीर्तनातही बुवा आख्यानात रंग भरतात, तेव्हा कुणी फसत नाही. मी मात्र साक्ष म्हणून सांगितलं. रडणं वाईट, असं मी आजही म्हणणार नाही. क्रुसाची गोष्ट कोरड्या डोळ्यांनी ऐकवत नाही मला. एडवर्ड्सनंच 1746 मध्ये लिहिलंय की नुसत्या अश्रूंवरून देवाचं काम झालं असंही ठरत नाही, आणि झालं नाही असंही नाही. ते वाचून थोडा धीर आला होता, पण संध्याकाळपर्यंतच.

संध्याकाळी खजिनदारानं दानाची थैली उलटी केली. छपराच्या दुरुस्तीची वर्गणी होती. नोटांत एक सोन्याची अंगठी निघाली, झिजलेली, बोटात सैल होते म्हणून आतून पांढरा दोरा गुंडाळलेला. कुणाची ते आम्हा दोघांनाही लगेच कळलं. तिचा मुलगा दोन वर्षांत घरी आलेला नाही. उपासना सुटल्यावर दारात माझा हात धरून ती एवढंच म्हणाली होती, ‘नाव घेतलं ना तुमचं त्यांनी.’

अंगठी माझ्या टेबलाच्या खणात आहे. नुसती परत करू? की खरं सांगून करू? खरं सांगितलं तर त्या बाईच्या हातून मी आणखी काय काढून घेईन, या विचारानं तीन रात्री झोप नाही.

धाकटीचा दहावीचा निकाल लागला की कळव. घराचा स्लॅब पडला का? वहिनींना सलाम सांग.

शनिवारी मी तिच्याकडे जाणार आहे. तू येशील? आई गेली तेव्हा तिच्यापाशी आपणच होतो.

तुझा,
दादू