पाव पडदा मोकळा

प्रिय सुध्या,

पत्राला उशीर झालाय, शिव्या भेटलास की दे. तब्येत ठीक. गुडघा दुखतो, तो दुखणारच. लिहितोय ते वेगळ्याच कारणाने, आणि ते घरात सांगून कुणाला कळणार नाही.

नवा रुंद मॉनिटर आला. त्यावर आधी काय उघडणार? विमान उडवायच्या सिम्युलेटरमधलं, तू केलेलं सेस्ना 172 या छोट्या विमानाचं पॅनेल, म्हणजे वैमानिकापुढची डायलची पाटी. बघतो तर सगळे डायल अंडाकृती! उंची दाखवणारा ऑल्टिमीटर तर कुणीतरी त्यावर बसल्यासारखा. तू ते 1024 बाय 768 ला, 4:3 च्या पडद्यासाठी केलं होतंस. हा 16:9, त्यामुळे पॅनेल ताणून थेट कडेला नेलेलं.

उपाय तुलाही माहीत आहे. पॅनेल डॉट सीएफजी या मांडणीच्या फाइलमधल्या प्रत्येक गेजच्या, म्हणजे डायलच्या, ओळीतलं आडवं अंतर आणि रुंदी पाऊणपट करायची. 200 चे 150 केले की डायल पुन्हा गोल. पण मग मागच्या चित्रातली डायलची भोकं जुळत नाहीत. चित्र 1365 रुंदीचं करावं लागेल, आणि त्यातला एकेक स्क्रू तू हाताने काढलेला. तुझ्या त्या सावल्या! लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य, असा शून्य-शून्य-शून्य काळा वापरलास, आणि सिम्युलेटर तो रंग आरपार धरतो. उतरताना स्क्रूखालून धावपट्टी दिसायची. अण्णा बिचारा एक-एक-एक कर म्हणाला, तर त्याच्याशी अबोला!

खरी पंचाईत पुढेच आहे. सगळं पाऊणपट केलं की उजवीकडे पाव पडदा मोकळा राहतो. मला तिथे रेडिओ उभ्या रांगेत हवेत, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलायला दरवेळी वेगळी खिडकी उघडायला नको. तू म्हणणार, रिकामं राहू दे, डोळ्यांना विसावा मिळतो. अरे, विमान आहे की दिवाणखाना? दोन दिवस झाले, जीपीएस टाकतो, काढतो, पुन्हा टाकतो. प्रत्येक वेळी तुझं तोंड दिसतं.

आणि हात घातलाच आहे, तर ते घड्याळही काढू का? वळण दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरच्या जागी तू बसवलेलं. सेकंदाला 3 अंश, 2 मिनिटांत पूर्ण वळसा, मग घड्याळ पुरे, हा तुझा युक्तिवाद. होकायंत्र आणि घड्याळावर वळण मोजता येतं, कबूल. पण कोऑर्डिनेटरमधला खालचा गोळा? वळताना विमान बाहेर घसरतंय की आत, हे तुझं घड्याळ सांगणार? यावर तू तेव्हाही चहा आणायला उठला होतास.

तुझ्या बदलीचं काय झालं? मंजूचा निकाल लागला असेल, कळव. आईंना नमस्कार.

मूळ चित्र थरांसकट तुझ्याकडे असेल तर पाठव. नसेल तर सावल्या मी नव्याने काढतो, एक-एक-एक नेच. रेडिओंचं तू म्हणशील तसं. घड्याळ मात्र जातंय. हरकत असेल तर रविवारच्या आत फोन कर, आणि गोळ्याचं उत्तर तयार ठेव.

तुझा,
बंड्या