वेंधळेपणाचं खातं

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा चहा ओतत होते. किटलीची धार कपाच्या बाजूने बशीत, बशीतून ओट्यावर. आई, तू हसत म्हणालीस, "हल्ली अगदी वेंधळे झालेत." फोन ठेवल्यावर तोच शब्द डोक्यात घोळत राहिला. आपल्या घरात तो माझ्या नावावर होता ना!

बाबा, तुम्ही वेंधळे झालेला नाहीत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा बाकी आहे. एक डोळा लख्ख, दुसरा धुकट. दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर, म्हणून दोघांना वस्तू जराशी वेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. एकाचं चित्रच पुसट असेल तर तो ताडणार कशावरून? दुसरं ऑपरेशन झालं की बराच फरक पडेल.

माझं मात्र असंच राहणार. तुम्हाला हे कधी नीट सांगितलंच नाही. ३१व्या वर्षी डॉक्टरांनी मला गॉगलसारखा चष्मा घालायला दिला, समोर माशीचं मोठं चित्र धरलं. म्हणाले, पंख चिमटीत धरा. ज्यांचे दोन्ही डोळे जोडीने काम करतात त्यांना पंख कागदाच्या वर उचललेले दिसतात, ते हवेतच चिमटी करतात. मी थेट कागदावर बोटं टेकवली. डॉक्टरांनी नुसतं लिहून घेतलं. मला पाचवीतले सुटलेले सगळे झेल आठवले.

आई, तू लगेच मनाला लावून घेशील. नको घेऊस. माझा डावा डोळा किंचित आत वळायचा तेव्हा शेजारच्या काकू म्हणायच्या, तिरळं मूल भाग्यवान. उजव्याने फळा स्वच्छ दिसायचा, मग शंका येणार कुणाला? चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावायचं असतं आणि ते लहानपणीच जास्त साधतं, हे तेव्हा आपल्याकडे कुणाला ठाऊक होतं? (दादाच्या छोटीचे डोळे मात्र शाळेत घालण्याआधी तपासून घ्यायला सांग. मी सांगितलं तर वहिनीला वाटेल, घाबरवतेय.)

बाबा, क्रिकेटर पतौडींचं तुम्हीच सांगायचात. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजवा डोळा निकामी झाला आणि पुढच्याच वर्षी, २१व्या वर्षी, भारताचा कप्तान. तेव्हा भारी वाटायचं. आता वाटतं, ग्लासात पाणी ओतताना त्यांचं काय होत असेल?

माझी युक्ती सांगते. किटलीचं तोंड आधी कपाच्या काठाला टेकवा, बारीक 'टिक' ऐकू आलं की मगच ओता. आणि अंतर कळेना झालं तर मान थोडी डावी-उजवीकडे हलवा. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. गाडी रिव्हर्स घेताना मी हेच करते. वॉचमनला वाटतं, बाई गाणं ऐकतायत.

खरी काळजी मागच्या दारच्या पायऱ्यांची. सगळी एकाच रंगाची शहाबादी, संध्याकाळी कडाच दिसत नाहीत. मी शेवटची पायरी पायाने चाचपून उतरायचे, ते तुम्हाला नखरे वाटायचे! शनिवारी ब्रश आणि ऑइलपेंट घेऊन येतेय, प्रत्येक कडेला पट्टा मारते. तोवर बाबा, अंधार पडल्यावर त्या दाराने जायचं नाही. पट्टा पांढरा की पिवळा, ते आईने आत्ताच सांगावं. नाहीतर माझी एसटी सुटेपर्यंत आई तो पट्टा घासून काढेल.

तुमची,
चिऊ