मे लागायच्या आत ये

श्रीवर्धन, २० एप्रिल

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "वादळाची बातमी आली की लगेच निघतो." तेव्हा बोलले नाही, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. बाळा, तेवढं मात्र करू नकोस.

निसर्ग वादळ आठव. २ जून २०२० ला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं, नाव मिळालं, आणि ३ जूनला दुपारी ते किनाऱ्यावर. एका दिवसात तू मुंबईहून येऊन काय केलं असतंस? घाटात झाडं पडत होती.

आदल्या संध्याकाळी भोंगा फिरला होता. आजी म्हणाल्या, "फयान वादळात घर उभं राहिलं, मी हलणार नाही." मीही त्यांचंच ऐकलं, ती चूक माझी. दुसऱ्या दिवशी पडवीचा पत्रा सुटून विहिरीपलीकडे गेला, तेव्हा शेजाऱ्यांनी आजींना खुर्चीसकट उचलून शाळेत नेलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, आणि वाडीतल्या पोफळी मधूनच कडाकड मोडत होत्या. तो आवाज अजून कानात आहे. चार दिवस तुला कळलं नाही, आम्ही आहोत की नाही.

म्हणून तू आत्ता ये, मे लागायच्या आत. जूनची वाट पाहू नकोस, तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्यातच आलं होतं. मागच्या आंब्याची फांदी छपरावर आली आहे, ती तोडायची. कैऱ्या आहेत, असू देत, लोणचं घालीन. पत्र्याचे हूक गंजलेत, ते बदल. वर दगड ठेवून भागत नाही, वाऱ्यात तेच दगड उडतात. सातबारा आणि पासबुकं मी प्लॅस्टिकच्या डब्यात घातली आहेत, गेल्या खेपेला पंचनाम्याला भिजलेले कागद उन्हात वाळवत बसले होते.

यंदा भोंगा वाजला की उजेडातच आजींना घेऊन शाळेत जाईन. मध्येच वारा पडला तरी बाहेर येणार नाही. वादळाचा डोळा डोक्यावर असला की सगळं शांत होतं, आणि मग वारा उलट्या बाजूने उठतो. तू मुंबईतच थांब. फोन लागला नाही तरी आम्ही शाळेत आहोत, एवढं धरून चाल.

निसर्गनंतर लावलेल्या पोफळींपैकी पाच-सहा यंदा धरल्या आहेत. आलास की दाखवते.

तुझी आई