जिना किती पायऱ्यांचा हाय?

पिंट्या,

पोचलास न्हवं? आईला फोन केलास, मला न्हाई केलास, ऱ्हाऊ दे, राग असू दे. पण काल सीबीएसला एसटीत चढताना डावा पाय टाकलास आणि उजवा मागनं ओढून घेतलास, ते बघितलं मी. तुला वाटलं आण्णा पाण्याची बाटली आणायला गेल्यात.

गुडघ्याचं लिहिणारच नव्हतो. पण परवा आईला फिजिओकडं नेलतं आणि तिथं मी तुझंच विचारत बसलो, आई चिडली. ती पोरगी म्हणाली सपाट चालताना बी गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट दाब येतोय. तुझे 86 किलो धर, म्हणजे दीडशेच्या वरच की! नुसत्या वजनानं न्हवं, मांडीचा स्नायू ओढतोय तोच सांधा आवळतोय. बैठकीत जेवढं खाली जाशील तेवढी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जात्या. आणि मी तुला सातवीपासनं पहाटे पाचला पाचशे बैठका मारायला लावल्या, आखाड्याच्या काठावर बसून मोजायचो. चारशेनंतर तू आकडे गाळायचास ते बी कळायचं मला, तरी गप बसायचो.

नुसता झोपून बी ऱ्हाऊ नकोस हां. कुर्च्याला, म्हंजे सांध्यातल्या गादीला, रक्त पोचत न्हाई म्हणं, स्पंजासारखं दाबलं-सोडलं की मग त्यात रस शिरतोय. तर चाल, सायकल मार, पण उड्या नको, पुरी बैठक नको, सूज असली तर मॅटवर पाय बी... बघ, झालो सुरू. चुकलं माझं.

मार्केट यार्डात मुकादम मला बी सांगायचा, गुळाचा तीस किलोचा रवा अंगाला धरून उचल, लांब धरलास तर कंबर मोडंल. हसायचो आम्ही सगळी पोरं. आता पायाची नखं काढायला तुझी आई लागत्या.

खासबागेत त्या सांगलीच्या पोराला चितपट केलास तवा सगळं मैदान उठलं, मी एकटाच बसून. तुला वाटलं असंल आण्णांना कौतुकच न्हाई. अरं, डाव टाकताना तुझा गुडघा आत मुडपला ते दिसलं मला, मी तिथंच बघत ऱ्हायलो. घरी येऊन मात्र आख्ख्या गल्लीला पेढे वाटलेत, विचार आईला.

तुपाचा डबा बॅगेत खालच्या कप्प्यात हाय. एक्सरे आणि एमआरआय मी ठेवून घेतलेत, हरवशील.

आणि पुण्यातल्या त्या खोलीचा जिना किती पायऱ्यांचा हाय, तेवढं कळव.

आण्णा