ग्रोथ फॅक्टर घातल्याने नव्हे, काढल्याने

महोदय,

कालच्या पुरवणीतला त्वचेतल्या मूलपेशींवरचा लेख वाचला. असा विषय मराठीत दिलात, आनंद झाला. पण ‘ईजीएफ आणि एफजीएफ-२ घातले की त्वचेच्या पेशी चेतापेशी बनतात’ हे चौकटीतले वाक्य साफ उलटे आहे, आणि विद्यार्थी नेमके तेच वहीत उतरवून घेणार.

ईजीएफ आणि एफजीएफ-२ हे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिने. या दोघांचे काम पेशींना विभागत ठेवण्याचे. माँट्रियलमध्ये संशोधक फ्रेडा मिलर यांच्या गटाने २००१ मध्ये त्वचेतून ज्या पेशी वेगळ्या काढल्या, त्या याच दोघांच्या जोरावर तरंगत्या गोळ्यांच्या रूपात वाढल्या. नेहमीचे प्रमाण मिलिलिटरला ईजीएफ २० आणि एफजीएफ-२ ४० नॅनोग्रॅम. एफजीएफ-२ तर ३७ अंशांना दिवसभरातच निकामी होऊ लागतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ताजा घालावा लागतो. इथे हयगय झाली की गोळे तळाला चिकटतात आणि पेशी नको तेव्हा, नको त्या वाटेने पक्व होऊ लागतात.

चेतापेशी हव्या असतील तर आधी हे दोन्ही धुऊन काढायचे. मग पेशी चिकटून राहाव्यात म्हणून पॉली-डी-लायसिन आणि लॅमिनिनचा थर दिलेल्या काचेवर बसवायच्या आणि एनजीएफ, बीडीएनएफ, एनटी-३ हे चेतापेशींना पोसणारे फॅक्टर देत दोन-तीन आठवडे सांभाळायच्या. सिरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) जास्त राहिले तर बऱ्याच पेशी अपट्टकी स्नायूंकडे वळतात. न्यूरेग्युलिन आणि फोर्स्कोलिन ही द्रव्ये दिली तर श्वॉन पेशी, म्हणजे चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी, मिळतात, आणि खरे सांगायचे तर या पेशींतून श्वॉन पेशी मिळवणे चेतापेशींपेक्षा कितीतरी सोपे. लेखात याचा उल्लेखच नाही!

छायाचित्राबद्दलही लिहायलाच हवे. हिरवा रंग बीटा-थ्री ट्युब्युलिनचा, म्हणजे चेतापेशीची खूण मानल्या जाणाऱ्या प्रथिनाचा, असे आपणच खाली छापले आहे. हे प्रथिन त्वचेतल्या रंगपेशींतही सापडते. तेवढ्यावरून ‘चेतापेशी तयार झाली’ असे कसे लिहिता येईल? एमएपी-२ हे पक्व चेतापेशीतले प्रथिन दिसले पाहिजे, सोडियमचा प्रवाह मोजला पाहिजे, पेशीने विद्युत आवेग सोडला पाहिजे. आकार लांबट आणि दोन शेपट्या, एवढे तर उपाशी ठेवलेली साधी तंतुपेशीही दाखवते.

दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत यावी ही विनंती. आणि ग्रोथ फॅक्टरला ‘संप्रेरक’ म्हणणे कृपया थांबवावे. हे बहुतेक शेजारच्या पेशींसाठी काम करतात, रक्तातून दूरवर निरोप नेत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक